पॉन्टूनचे दोन खांब

मिनेसोटात राहायचं आणि पाण्यापासून लांब राहायचं, हे जमणं कठीण. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ अशी जाहिरात असते. दहा एकरांहून मोठी तळी खरोखर मोजली तर आकडा ११,८४२ भरतो, म्हणजे ही जाहिरात चक्क कमीपणा घेणारी आहे! राज्याच्या नावातही पाणीच आहे. इथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेत ‘म्नी’ म्हणजे पाणी. त्यावरून मिनेसोटा, त्यावरून मिनेटोंका, म्हणजे मोठं पाणी, आणि त्यालाच ग्रीक शेपूट जोडून मिनिआपोलिस.

आम्ही उभयता मिनिआपोलिसच्या पश्चिमेला, मिनेटोंका तळ्यापासून वीस मिनिटांवर राहतो. तळं म्हटलं तरी हे आपलं देवळामागचं तळं नव्हे. क्षेत्र सुमारे साडेचौदा हजार एकर, आणि किनारा इतका वेडावाकडा की सगळा मिळून सव्वाशे मैल भरतो. एका उपसागरातून दुसऱ्यात, तिथून पुलाखालून तिसऱ्यात, असं दिवसभर हिंडलं तरी तेच वळण पुन्हा येत नाही. मध्ये बिग आयलंड नावाचं बेट आहे. १९०६ ते १९११ ह्या काळात तिथे इथल्या ट्रॅम कंपनीने चालवलेली करमणुकीची जत्रा होती. आता तिथे झाडी आहे, आणि उन्हाळ्याच्या शनिवारी बेटाच्या कडेला बोटींची रांग.

ह्या रांगेत निम्म्याहून जास्त बोटी पॉन्टून असतात. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचं, तर वाड्याचा ओटा उचलून पाण्यावर ठेवावा तशी ही बोट. खाली ॲल्युमिनियमच्या दोन जाड बंद नळ्या, त्यावर सपाट डेक, भोवती कठडा, आत सोफ्यासारख्या खुर्च्या आणि डोक्यावर कापडी छत. वेगाशी हिला फारसं देणं-घेणं नाही. हलत नाही, डुलत नाही, आणि उठून दुसऱ्या बाजूला बसायला गेलं तर कलंडत नाही. सात-आठ माणसं, डबे, थर्मास, पत्त्यांचा जोड, सगळं मावतं.

ही बोट ह्याच राज्यातली. मिनिआपोलिसहून वायव्येला दीडेक तासावर रिचमंड नावाचं छोटं गाव आहे. १९५२ च्या सुमारास तिथल्या अँब्रोज विअर्स नावाच्या गृहस्थांनी लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन लांब रांगा केल्या, त्यावर लाकडी फळ्या ठोकल्या आणि ते तळ्यात सोडलं. आपल्याकडे पुराच्या दिवसांत रिकामी पिंपं बांधून तराफा करतात, त्यातलीच ही कल्पना. पुढे विअर्स ह्यांनी त्याचा कारखाना काढला आणि ‘मिस्टर पॉन्टून’ म्हणून त्यांचं नाव झालं. आम्ही एकदा मुद्दाम रिचमंडला जाऊन आलो. चर्चचा उंच मनोरा, मक्याची शेतं आणि साखळीसारखी एकाला एक लागलेली तळी. असल्या गावात राहणाऱ्याला पाण्यावर अंगण करावंसं वाटलं ह्यात नवल नाही.

आमची वीस फुटी, आठ फूट रुंदीची पॉन्टून आम्ही २००९ साली सेकंडहँड घेतली. घेतली ती मुख्यतः आजींसाठी. दर उन्हाळ्यात त्या पुण्याहून येतात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्यांचं सगळं अमेरिका-दर्शन खिडकीतून आणि मॉलच्या बाकांवरून झालं. गुडघ्यांमुळे चालणं नाही, गाडी चालवता येत नाही, शेजारी बोलायला कुणी नाही. वेगाच्या बोटीत त्या पाय ठेवीनात. पॉन्टूनचं दार मात्र धक्क्याच्या पातळीवर उघडतं, काठी टेकत सरळ आत जाता येतं. पहिल्याच दिवशी त्या खुर्चीत बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “अरे, हे तर खडकवासल्यासारखंच आहे. फक्त भजी नाहीत.” पुढच्या खेपेपासून भजीही आली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पॉन्टून पाण्यावर असेपर्यंत तिच्याइतकी गुणी बोट नाही. संध्याकाळी तिला पाण्यातून काढून ट्रेलरवर चढवायची वेळ आली की मात्र तिचे गुण कळतात. किनाऱ्यावर घर आणि स्वतःचा धक्का असलेल्यांना हा प्रश्न नसतो. आपल्यासारख्या बहुतेकांची बोट मात्र घराच्या बाजूला ट्रेलरवर उभी असते आणि दर खेपेला सार्वजनिक उतारावरून पाण्यात जाते. राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचेच असे दीड हजाराहून जास्त उतार आहेत. त्यांना इथे ‘लँडिंग’ म्हणतात. काँक्रीटचा उतार, बाजूला एक धक्का, वर गाड्या लावायची जागा, बस्स.

ट्रेलर उलटा पाण्यात घालायचा, बोट त्यावर सरळ आणायची, पुढचा पट्टा अडकवून विंचने ओढून घ्यायची. ऐकायला सोपं आहे. पण पॉन्टून पाण्यात फारशी खोल बसत नाही आणि पाण्यावर मात्र कठडा, छत, खुर्च्या असा मोठा पसारा असतो. साध्या होडीला खाली कणा असतो, तो पाणी धरून ठेवतो. पॉन्टूनचा कठडा वारा धरतो. बाजूने जरा झुळूक आली की दोन-अडीच हजार पौंडांची बोट शिडासारखी सरकायला लागते. वेग वाढवावा तर आपटायची भीती, कमी करावा तर सुकाणू लागत नाही. त्यात ट्रेलर पाण्याखाली बुडालेला, त्याच्या कडा दिसत नाहीत. मागे पाच गाड्या रांगेत, आणि रांगेतला प्रत्येक जण तज्ज्ञ!

आमच्यापैकी एक गाडीत आणि एक बोटीवर असतो. संवाद साधारण असा चालतो:

“अहो, डावीकडे घ्या!”

“कुठलं डावं? तुझं की माझं?”

“पाण्याचं डावं!”

इतकी वर्षं ह्यावर एक उत्तम उपाय आमच्याकडे होता: दोन मुलं. एक ट्रेलरच्या ह्या बाजूला, एक त्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि बोट हाताने सरळ धरायची. मालवणला किनाऱ्यावर होडी ओढताना दोन्ही अंगांना माणसं लागतात, तसंच हे. मोठी झाली तशी मुलं ह्यात तरबेज झाली. मग एक सिॲटलला गेली, दुसरा बॉस्टनला. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघंच त्या उतारावर उभे होतो. मिनेसोटातल्या तळ्यांवरचं बर्फ एप्रिलमध्ये वितळतं. मे महिन्यातल्या त्या पाण्यात साठीच्या माणसाने कमरेपर्यंत उभं राहावं असा सल्ला कुठलाही डॉक्टर देणार नाही. शिवाय बोट आणि ट्रेलर ह्यांच्यामध्ये माणूस उभा राहणं मुळातच धोक्याचं. मुलांचं वय होतं तेव्हा ते निभावलं इतकंच.

त्या उन्हाळ्यात बोट फक्त तीनदा पाण्यात गेली. हिवाळ्यात विकायचा विषय निघाला. फोनवर लेक म्हणाली, “आई, विकू नका ना. आजी येणार आहे.” मुलगा म्हणाला, “बाबा, मी येईन ना उन्हाळ्यात.” किती दिवस येईल ते त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. पुढचा उन्हाळा त्यांचा इथला शेवटचा ठरू शकतो हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं.

तोडगा सांगितला शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी. हे नॉर्वेजियन वंशाचे, पंचाहत्तरीचे, आणि आपली बोट एकटे काढतात. त्यांनी आम्हाला आपल्या अंगणात नेऊन ट्रेलर दाखवला. मागच्या दोन कोपऱ्यांवर पांढरे उंच खांब उभे होते. “माझी दोन मुलं,” ते म्हणाले, “आणि ही कधी कंटाळत नाहीत.” ह्या खांबांना ट्रेलर गाइड म्हणतात. त्या हिवाळ्यात आम्ही ह्या विषयाचा जो अभ्यास केला तो पुढे देत आहोत, म्हणजे तुमचे तेवढे दिवस वाचतील.

आधी ट्रेलर कुठला ते पाहावं. पॉन्टूनचे ट्रेलर दोन जातींचे. एकात नळ्यांखाली लांब लाकडी फळ्या असतात, त्यांना बंक म्हणतात. दुसरा कात्रीसारखा: अरुंद सांगाडा बोटीखाली मधोमध जातो आणि डेकला खालून उचलतो. हा दुसरा ट्रेलर जवळच्या जवळ न्यायला बरा, पण चाकं जवळजवळ असल्यामुळे महामार्गावर वाऱ्यात डुलतो. त्याला गाइडही वेगळे, नळ्यांच्या आतल्या बाजूला टेकणारे लागतात. आमचा बंकवाला, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

गाइडचे मुख्य प्रकार तीन. पहिला उभा खांब. गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळी, तिच्यावर गुळगुळीत पीव्हीसीचं आवरण. ह्याचा मोठा गुण म्हणजे तो दिसतो. ट्रेलर पाण्यात बुडाला तरी दोन खांब वर असतात, बोटीवरच्या माणसाला दार कुठे आहे ते कळतं. रिकामा ट्रेलर उलटा नेताना गाडीच्या आरशातही तेच दिसतात, आणि ‘कुठलं डावं’ हा वाद निम्मा मिटतो. दोष असा, की तो बोटीला एकाच ठिकाणी टेकतो. बाजूचा वारा जोराचा असला तर बोट त्या खांबाभोवती फिरू पाहते.

दुसरा प्रकार आडवी फळी. तीन-चार फूट लांब, वर जाड कार्पेट गुंडाळलेली. ही नळीच्या कडेला लांबवर टेकते, त्यामुळे बोट तिरपी होत नाही. वाऱ्यात हिचा आधार जास्त. पण ही बुटकी असते, पाण्याखाली गेली की दिसत नाही. तिसरा प्रकार रुळांचा. बोट घसरते छान, पण रूळ अगदी थोड्या जागेवर टेकतात आणि सगळा दाब तिथेच येतो. पॉन्टूनच्या पातळ पत्र्याच्या कठड्याला ते बरं नाही.

ह्यातलं कुठलं घ्यायचं हे दुकानात ठरत नाही, अंगणात मोजपट्टी घेऊन ठरतं. पहिलं माप रुंदीचं. इथल्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर ट्रेलरची रुंदी साडेआठ फुटांपर्यंतच, म्हणजे १०२ इंच चालते. आमची बोट आठ फूट, म्हणजे ९६ इंच. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच उरतात. आवरणासकट खांबाची जाडी दोन-सव्वादोन इंच. म्हणजे जेमतेम बसतो, आणि बोटीला हलायला प्रत्येक बाजूला इंचभर जागासुद्धा राहत नाही. तेवढीच हवी. बोट घट्ट बसली तर चढताना अडकते, आणि चार इंच सोडले तर गाइड असून नसल्यासारखे. पण तुमची बोट नव्या पद्धतीची साडेआठ फुटी असेल, तर डेकच्या बाहेर खांब लावायला कायद्यात जागाच नाही. अशांनी डेकच्या खाली, नळ्यांना टेकणाऱ्या फळ्याच घ्याव्यात.

दुसरं माप उंचीचं. बाजारात ४० इंची आणि ६० इंची खांब मिळतात. पॉन्टूनच्या नळ्याच दोन फुटांच्या, त्यावर डेक. ४० इंची खांब डेकच्या कडेच्या थोडाच वर जातो आणि ट्रेलर पाण्यात गेला की जवळजवळ बुडतो. म्हणून ६० इंचीच.

तिसरी गोष्ट, खांब बोटीला नेमका कुठे टेकतो. डेकच्या कडेला जाड पट्टी असते, तिथे टेकला तर उत्तम. कठड्याच्या पत्र्यावर टेकला तर पोचे पडणार. बोट ट्रेलरवर असतानाच खांब धरून पाहावा, खडूने खूण करावी आणि मगच पैसे मोजावेत.

चौथी, जोडणी. चांगले गाइड यू-आकाराच्या बोल्टने ट्रेलरच्या चौकटीला आवळले जातात, भोक पाडावं लागत नाही. भोक पाडलं की गंज लागायला जागा मिळते. नट नायलॉनचं कडं असलेले घ्यावेत, रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सैल होत नाहीत. तरीसुद्धा पहिल्या फेरीनंतर पाना फिरवून पाहावा.

पाचवी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. फळ्या स्वतः करणार असाल, किंवा बंकची जुनी लाकडं बदलणार असाल, तर लाकडाच्या दुकानातली हिरवट, ‘प्रेशर ट्रीटेड’ फळी घेऊ नका. २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती लाकडात आर्सेनिकयुक्त औषध असे. ते बंद झाल्यावर आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण जास्त असतं. ओलं तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि पॉन्टूनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या. साधं सीडर किंवा फर घ्यावं आणि दर काही वर्षांनी बदलावं.

शेवटी आम्ही मागच्या टोकाला ६० इंची खांबांची जोडी आणि चाकांच्या पुढे बुटक्या फळ्यांची जोडी असा मेळ घातला. खांब दार दाखवतात, फळ्या बोट सरळ धरतात. खांबांच्या डोक्यावर दिवे बसवले. ट्रेलरचे खालचे दिवे पाण्यात बुडून नेहमी बिघडत, ती कटकटही संपली.

गाइड लावले म्हणजे बोट आपोआप चढते असं मात्र नाही. ट्रेलर किती खोल घालायचा हे महत्त्वाचं. बंकची पुढची टोकं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. फार खोल घातला तर बोट फळ्यांवर टेकतच नाही, तरंगत राहते, आणि वारा तिला गाइडवर दाबून ठेवतो. बोट सावकाश आणावी, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थोडी झुकती. टेकली की इंजिन बंद करून पुढचं काम विंचवर सोपवावं. इंजिनाच्या जोराने वर चढवायची अनेकांना हौस असते. पंख्याच्या झोताने उताराच्या टोकाला खड्डा पडतो आणि मागे खडीचा ढीग साचतो. पुढे त्याच खड्ड्यात कुणाच्या तरी ट्रेलरचं चाक जातं. म्हणून इथलं खातंही ते करू नका असं सांगतं. आणि रस्त्याला लागण्यापूर्वी बोट पट्ट्यांनी बांधायचीच. गाइड बोट धरून ठेवण्यासाठी नसतात.

एक काम वाढलं, तेही सांगतो. मिनेटोंकात १९८७ साली युरेशियन वॉटरमिलफॉइल नावाचं पाणगवत सापडलं आणि २०१० साली झेब्रा मसल, म्हणजे नखाएवढे पट्टेदार शिंपले. दोन्ही बोटींबरोबर प्रवास करतात. त्यामुळे इथे उतारावरून निघण्यापूर्वी बोट-ट्रेलरवरचं गवत काढणं, बोटीतलं पाणी सोडून देणं आणि बूच काढूनच रस्त्याला लागणं, हा कायदाच आहे. फळ्यांवरच्या कार्पेटमध्ये हे गवत नेमकं अडकतं. तिथे हात फिरवायला विसरू नये. पीव्हीसीचे खांब मात्र एका फडक्याने साफ होतात.

गाइडच्या एका जोडीला साधारण शंभर ते दोनशे डॉलर पडतात. बसवायला आम्हाला एक शनिवार लागला, त्यात दोन वेळा चहा.

२०१९ च्या जूनमध्ये आजी आल्या. ग्रेज बे नावाच्या उपसागराच्या उतारावरून आम्ही तिघं निघालो. मिनेहाहा ओढा इथूनच सुरू होतो, पुढे शहरात धबधबा होऊन पडतो आणि मिसिसिपीला मिळतो. आजींना हे सांगितल्यावर त्यांनी पाण्याला हात जोडले. वेझाटा गावाच्या समोर अर्धा तास नांगर टाकला. मग बिग आयलंडला वळसा घातला. भजी गार झाली होती, पण संपली.

परतताना पश्चिमेचा वारा सुटला होता. आजींना धक्क्यावर उतरवून बाकावर बसवलं. एकाने ट्रेलर मागे घातला, दुसऱ्याने बोट दोन पांढऱ्या खांबांच्या मधोमध धरली. बोट उजव्या खांबाला घासली, जरा थांबली आणि सरळ आत गेली. पट्टा अडकवला, विंच फिरवली. कुणी पाण्यात उतरलं नाही, कुणी ओरडलं नाही. आजी बाकावरून म्हणाल्या, “आज भांडण नाही झालं का रे?”

त्या उन्हाळ्यात बोट अकरा वेळा पाण्यात गेली. २०२० साली आजी येऊ शकल्या नाहीत. नंतर दोनदा आल्या, आणि दोन्ही खेपांना पॉन्टूनवर बसल्या. मुलं येतात तेव्हा सवयीने पँट दुमडून पाण्याकडे निघतात. त्यांना हाक मारून परत बोलवावं लागतं.

आपल्या मंडळातली बरीच कुटुंबं आता आमच्याच वयाची झाली आहेत. मुलं बाहेर, गॅरेजमध्ये जुनी बोट, आणि “आता दोघांना जमत नाही” म्हणून विकायची जाहिरात. विकण्यापूर्वी एकदा मोजपट्टी घेऊन ट्रेलरकडे जा. रुंदी, उंची आणि बोट कुठे टेकते, एवढी तीन मापं लिहून आम्हाला कळवा. कुठला प्रकार बसेल ते मिळून पाहू, आणि बसवायला हात लागले तर तेही येतील. पहिल्या फेरीला भजी मात्र तुमची.